सह्याद्रीच्या घाटवाटा : पाऊल, खूर आणि चाक

कोकणातल्या पायथ्याच्या गावातून घाटमाथ्यावर पोचायला बहुतेक ठिकाणी ६०० ते ८०० मीटर चढावं लागतं. या कड्यातून असंख्य वाटा वर जातात, पण मनाला येईल तिथून काढलेली त्यांत एकही नाही. कातळाने वाव दिला तिथून वाट गेली, आणि ती माणसापुरती राहणार की तिच्यावरून बैलांचे तांडे जाणार, हे चढाने ठरवलं. आज घाटवाट निवडतानाही आधी हेच विचारावं : ती मुळात कोणासाठी होती?

हा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरावर थर साचलेला. दोन थरांच्या मध्ये बरेचदा तांबड्या, ठिसूळ मातीचा पट्टा असतो. तो लवकर झिजतो आणि आधार सुटलेला वरचा बसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा कातळ, उभा तुटतो. त्यामुळे कडा जिन्यासारखा टप्प्याटप्प्याने चढत गेला आहे. निम्म्या उंचीवर झाडीने भरलेला रुंद टप्पा लागतो, तो पदर. कातळाच्या उभ्या भेगेत पाण्याने कोरली ती नाळ, आणि दोन नाळांच्या मधून खाली उतरलेली डोंगराची धार म्हणजे सोंड. सोंडेने पदर गाठायचा, पदरातून आडवं जायचं आणि नाळेने माथ्याच्या खिंडीत निघायचं, अशी बहुतेक वाटांची घडण.

नाणेघाट त्यांतला सर्वांत बोलका. कल्याण आणि सोपारा बंदरांतला माल जुन्नरमार्गे पैठणकडे जाई, तो इथून. माथ्याजवळच्या कोरीव लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण ही त्या काळची नाणी यांचे आकडे त्यात नोंदले आहेत, म्हणून भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात तो फार मोलाचा. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. पुतळे गेले, वरची नावं राहिली : सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ मध्ये हे लेख पाहून जगापुढे आणले. खिंडीच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी पडत अशी परंपरा सांगते. शेजारचा जीवधन आणि पलीकडचे चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले याच रहदारीवर नजर ठेवून होते. चढाई वैशाखरे गावापुढे माळशेजच्या रस्त्यालगत सुरू होते आणि अडीच-तीन तासांत संपते. शेवटचा टप्पा दगडी फरसबंदीचा आहे, पण पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरतं आणि घसरून पडणं होतं ते उतरताना.

तांड्यांची वाट सैन्याला मात्र घातक ठरू शकते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखानाची मोगल फौज लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने कोकणात उतरत असताना शिवाजी महाराजांनी तिला उंबरखिंडीत गाठलं. दाट जंगल, अरुंद वाट, पाण्याची वानवा आणि उंचावर मराठे. खानाला खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली.

मग चाक आलं. १८३० मध्ये मुंबई-पुणे वाटेवरच्या बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये रेल्वे. रुळांना दर ३७ फुटांमागे १ फुटाहून जास्त चढ चालणार नव्हता, त्यामुळे त्यांनी डोंगराला लांब वळसे घेतले, बोगदे पाडले. लादणीच्या बैलांचं काम हळूहळू संपलं. कित्येक वाटा तेव्हापासून पायथ्या-माथ्याच्या वाड्यांपुरत्या उरल्या, आणि आता वाड्यांनाही डांबरी रस्ता मिळाल्यावर त्यांवर कारवीची झुडपं माजतात. पायी ये-जा थांबली की दोन-चार पावसाळ्यांत वाट दिसेनाशी होते. हे नुकसान लेण्यांच्या पडझडीइतकंच गंभीर आहे.

माणसाची आणि जनावराची वाट यांतला फरक पायथ्याच्या खांडस गावाहून भीमाशंकरला जाताना उघड दिसतो. शिडी घाट आखूड आणि उभा, लोखंडी शिड्यांचा. गणेश घाट लांब आणि सोपा. दोन्ही पदरात एकत्र येतात. ओल्या कातळावर शिडी घाटाच्या नादी लागू नये.

वाट चुकते ती बहुधा दोन जागी. वरून उतरताना नाळेचं तोंडच सापडत नाही, आणि पदरात ढोरवाटांचं जाळं फसवतं. म्हणून अनोळखी घाटवाट पहिल्यांदा चढून करावी आणि माथ्यावरची खिंड नीट लक्षात ठेवावी. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत पुरुषभर असतं. पुढे झरे आटत जातात, तेव्हा माणशी तीन-चार लिटर पाणी सोबत हवंच. कड्याला आग्या मोहोळं असतात, तिथे धूर आणि अत्तर दोन्ही वर्ज्य. नाळेत पुढच्याच्या पायाखालून सुटलेला धोंडा मागच्यावर येतो; सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावर एकाने सुरक्षित आडोसा गाठल्याशिवाय दुसऱ्याने निघू नये. पावसाळ्यात नाळ हा धबधबाच असतो.

कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी बराच वेळ सावली मिळते, दुपारनंतर तोच कातळ भाजून काढतो. उजाडताना पायथा सोडला तर दहा-साडेदहापर्यंत माथा गाठता येतो. कोकणात ठेवलेल्या गाडीकडे रस्त्याने परतायचा वळसा फार लांबचा पडतो. त्यापेक्षा एका घाटाने चढून शेजारच्या, आधी पाहिलेल्या घाटाने उतरणं सोयीचं. उतरायला चढाईइतकाच वेळ धरावा, आणि दुपारी दोनपर्यंत दुसऱ्या नाळेच्या तोंडाशी पोचलो नाही तर माथ्यावरच्या गावात मुक्काम करावा.