फोटोला तारीख असते

बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा माझ्या फोनमध्ये त्याचे सहाशेच्या वर फोटो होते. सव्वा महिना फोटो काढायचे नाहीत, दृष्ट लागते, असं आईनं बजावलं होतं तरी. झोपलेलं, जांभई देताना, शी झाल्यावरचं विजयी तोंड, सगळं. आणि त्यात मी कुठं होते, तर हात. मानेखाली धरलेला हात, दुपट्याची गाठ मारणारी बोटं, एका फोटोत गाऊनची बाही. बस.

खरं सांगायचं तर ते मला बरंच वाटत होतं, कारण त्या दिवसांत मी आरसाच टाळत होते, आंघोळीला गेलं की गिझरच्या लाल दिव्याकडे बघत अंग पुसायचं. मग एका दुपारी आई बाळाला घेऊन आडवी झाली होती, मी डाळ धुवायला म्हणून किचनमध्ये गेले आणि का कोण जाणे, फोन तूरडाळीच्या डब्याला टेकवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, बाजूनं, गाऊन पोटावर ताणून धरत. मी कॉलेजात बायो शिकवते. जे बघवत नाही त्याचाच रोज रेकॉर्ड ठेवा, असं प्रॅक्टिकलला पोरांना मीच सांगत असते. भांडुपला आमच्यासमोर झोपडपट्टी पुनर्वसनाचा टॉवर उभा राहिलाय, साडेचारनंतर उजेड खलास, म्हणून रोज चारची वेळ ठरवली. तीच जागा, तोच डबा, तोच मळकट निळा गाऊन.

पहिली गोष्ट कळली ती कॅमेऱ्याबद्दलच. त्याआधी कधीतरी हात लांब करून सेल्फी घेतला होता, त्यात पोट आणि गाल असे काही आले होते की फोन उलटा ठेवून दिला. पण जवळून काढलेल्या फोटोत जो भाग लेन्सच्या जास्त जवळ तो फुगतोच, हे साधं भूमितीचं गणित आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी नाकावर त्याचं मॉडेल मांडलं होतं, बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळपास ३० टक्के रुंद दिसतं, पाच फुटांवरून काढलं की हा प्रकार नाहीसा होतो. मग पुढं आलेल्या पोटाचं काय होत असेल विचार करा! त्यात आणखी एक भानगड, आपण आपल्याला जन्मभर आरशात उलटं बघतो, कॅमेरा सुलटं दाखवतो. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशासारखा उलटा फोटो जास्त आवडला आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना मात्र सुलटा आवडला. म्हणजे फोटोत 'ही मी नाहीच' वाटतं त्यातलं थोडंफार निव्वळ सवयीचं आहे. फोन पाच फूट लांब गेला तशी मी जराशी माणसात आले.

तरी पोट होतंच. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर लिफ्टमध्ये विचारलं, "अजून एक आहे का गं आत?" मला स्वतःलाही वाटायचं की गर्भाशय अजून आत गेलं नसेल, आई पोट बांध पोट बांध म्हणते ते ऐकायला हवं होतं. पण गर्भाशय पट्ट्यानं जागेवर जात नाही, ते आपलं आपण जातं आणि काय वेगानं जातं! एरवी साधारण ६०-७० ग्रॅमचा हा स्नायू, बाळ बाहेर येतं तेव्हा किलोभराचा असतो, आठवड्यात अर्धा होतो आणि सहा आठवड्यांत जवळजवळ मूळ मापाला येतो. यात पेशी फारशा मरत नाहीत, प्रत्येक पेशी आतलं प्रोटीन मोडून स्वतः बारीक होते. सुरुवातीला दूध पाजताना ओटीपोटात कळ येते तीही त्याचीच, पाजताना मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि ते गर्भाशयाला आवळतं. पट्ट्यानं कमरेला आधार वाटतो, तेवढंच.

म्हणजे माझं गर्भाशय केव्हाच गेलं होतं जागेवर, मग फोटोत दिसत होतं ते काय? पोटाच्या मधोमध वरून खाली दोन उभे स्नायू असतात, त्यांना जोडणारी पट्टी गरोदरपणात ताणून रुंद होते, डिलिव्हरीनंतर ती लगेच आवळत नाही आणि आतलं सगळं मधूनच पुढं येतं. नॉर्वेतल्या ३०० पहिलटकरणींच्या २०१६ च्या अभ्यासात सहा आठवड्यांनी ६० टक्के जणींना ही फट होती आणि वर्षानंतरही साधारण एक तृतीयांश जणींना होती. हे वाचून मी आधी रडले आणि मग लिफ्टमधल्या काकूंना मनातल्या मनात ही आकडेवारी ऐकवली.

आता खरं जे सांगायचंय ते. हे फोटो मी पोटासाठी काढत होते आणि सापडलं तोंडात. तीन आठवड्यांनी सगळे एकामागून एक सरकवून बघितले तर पोट बदलत होतं, हळूहळू पण बदलत होतं, चेहरा मात्र एकवीसच्या एकवीस फोटोंत एकच. एकातही मी कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. डब्याच्या वरती, मसाल्याच्या फळीकडे कुठंतरी नजर. चौदा तारखेला वेणीतून जी बट सुटली होती ती सतरालाही तशीच होती, म्हणजे मी तीन दिवस केस विंचरले नव्हते आणि मला हे माहीतच नव्हतं!

सहा आठवड्यांच्या चेकअपला डॉक्टरांनी टाके बघितले, बीपी बघितलं, बाळाचं वजन विचारलं. बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही. लागत नव्हती. आणि मीही सांगितलं नाही, कारण विचारलं असतं तर मी म्हणाले असते, "असंच असतं, पहिल्यापासून असंच आहे." इथं मला एक जुनी गोष्ट आठवली. डिप्रेशनमध्ये आठवण धूसर होते म्हणजे विसरायला होतं असं नाही, ती सरसकट होते. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञांना हे आधी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या लोकांत दिसलं होतं आणि मग डिप्रेशनच्या पेशंटमध्येही, एखादा आनंदाचा प्रसंग आठवा म्हटलं की अशी माणसं 'परवा बहिणीकडे गेलो तेव्हा' असं न सांगता 'बहिणीकडे जायचो तेव्हा' असं मोघम काहीतरी सांगतात. नेहमीच, कधीच, सगळंच असे शब्द, ज्यांना तारीख नसते. फोटोला असते. 'मला कायमच असं वाटतं' या वाक्याशी भांडायला माझ्याकडे एकदम एकवीस तारखा आल्या.

ते फोटो घेऊन मी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी फोटो बघितले आणि मग हातात एक कागद दिला, एडिंबरा स्केल, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायची प्रश्नावली. १९८७ सालचं आहे, दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, जास्तीत जास्त ३० मार्क. हसू येतं का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, उगाच स्वतःला दोष देता का, आणि दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा, त्याचं उत्तर टोटल कितीही कमी असली तरी वेगळं बघतात. १३ किंवा त्याच्या वर गेलं की नीट तपासणी करायची असं साधारण धरतात. माझे १७ आले. आयुष्यात पहिल्यांदा जास्त मार्क मिळून वाईट वाटलं.

दोन गोष्टींची इथं गल्लत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू, चिडचिड हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप जातं, त्याला ब्लूज म्हणतात. त्याच्या पुढं टिकलं की मग डिप्रेशनचा विचार करायचा. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१७ मध्ये आला, त्यात हे प्रमाण २२ टक्के होतं, म्हणजे पाचात एकीहून जास्त. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या वर्षी पाच बाळं झाली, चाळीत असतो तर कुणाचं काय चाललंय हे कळलं तरी असतं. 'हार्मोनचं आहे, होईल ठीक' हेही अर्धंच खरं. वार बाहेर पडली की इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन काही दिवसांत धाडकन खाली येतात, सगळ्यांचेच येतात, पण २००० सालच्या एका छोट्या प्रयोगात औषधं देऊन तशीच हार्मोनची चढउतार घडवली तेव्हा आधी हे डिप्रेशन होऊन गेलेल्या आठपैकी पाच जणींचं मन ढासळलं आणि न झालेल्या आठपैकी एकीचंही नाही. घसरण तीच, सोसणारा मेंदू वेगळा. त्यात झोप नाही, पैशाची ओढाताण, घरात मुलगाच हवा असली कटकट, हे सगळं वर येऊन बसतं. डॉक्टरांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही करून घेतलं, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तरी माणूस असंच गळून जातं. मग बोलण्याची थेरपी आणि दूध पाजताना चालणारी एक गोळी, ती कुठली हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं. जायला जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात.

फोटोनं मी बरी झाले असं मी म्हणणार नाही. उलट झूम करून रोज पोट मोजत बसलं तर त्यानं मन आणखी खराब होतं, म्हणून मी नियमच केला, काढायचा रोज पण बघायचा रविवारी. आणि बाळंतिणीचा फोटो ही काही नवी टूमही नाही. १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये सरे इथल्या वेड्यांच्या इस्पितळात ह्यू डायमंड नावाचे डॉक्टर बायकांचे फोटो काढायचे, बाळंतपणानंतर वेड लागलेल्या बायकांचेही, पेशंटला स्वतःचा फोटो दाखवला तर उपयोग होतो असं त्यांनी १८५६ मध्ये रॉयल सोसायटीपुढं मांडलं होतं. फक्त कॅमेरा डॉक्टरांच्या हातात होता. बाईच्या हातात कॅमेरा आला की काय होतं याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण फोटोचं नाहीच, ते एमआरआयचं आहे. एलिझाबेथ क्रॅस्टिल या कॅलिफोर्नियातल्या मेंदूशास्त्रज्ञ बाईंनी गर्भ राहायच्या तीन आठवडे आधीपासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत स्वतःच्या मेंदूचे २६ स्कॅन करून घेतले, २०२४ मध्ये ते छापून आलं. गरोदरपणात मेंदूतला करड्या रंगाचा भाग पातळ होत गेला. हा बिघाड नसून मेंदूची फेरमांडणी असावी, असं संशोधकांना वाटतं. सव्वीस सेल्फी, आतून.

माझा साठावा का एकसष्टावा फोटो चालू होता तेव्हा आई किचनमध्ये आली. हातात अळिवाच्या खिरीची वाटी. मी गाऊन वर करून उभी, पोटावर लालसर जांभळे ओरखाडे. ते का येतात तर कातडीच्या खालच्या थरातलं कोलॅजन ताणून तुटतं, सुरुवातीला लाल असतात, मग वर्षभरात पांढरे पडतात आणि राहतात. हे मी आईला सांगायला लागले तर तिनं वाटी ओट्यावर ठेवली, पदर बाजूला केला आणि दाखवलं. चंदेरी, बारीक, पावसाच्या रेघांसारखे. चौतीस वर्षांचे.

"हे इकडचे तुझे," ती म्हणाली, "आणि हे दादाचे."

मला तर सगळे सारखेच दिसत होते. तिनं डब्यावरच्या फोनकडे बघितलं, पदर तसाच धरून खिडकीपाशी सरकली.

"माझा पण काढ एक. पण ग्रुपवर टाकलास ना, तर बघ."