साक्ष (ख्रिस्ती)

साक्ष : संकट, शंका किंवा पापाची टोचणी यांतून ख्रिस्तावरची श्रद्धा आपल्याला कशी लाभली, हे श्रद्धावानाने मंडळीपुढे तोंडी वा लेखी सांगण्याची प्रथा. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती विशेष रूढ आहे. ‘साक्ष देणे’ हा प्रयोग मराठी बायबलातला. त्यामागील ग्रीक शब्द ‘मार्तुस’ मुळात साक्षीदारासाठी होता. पुढे त्यालाच ‘हुतात्मा’ हा अर्थ आला.

प्रथेचा उगम प्राचीन ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनच्या आत्मकथनात (सु. ३९७–४००) दाखवण्याचा प्रघात आहे. परंतु ते कथन ईश्वराला उद्देशून आहे, त्यामुळे हा संबंध फार ताणू नये. सभासद करून घेण्यापूर्वी अनुभवकथन मागण्याची रीत न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेचा ईशान्य भाग) प्यूरिटन, म्हणजे कडक आचाराच्या इंग्रज प्रॉटेस्टंट, मंडळ्यांत बहुधा १६३० नंतरच्या दशकात पक्की झाली. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी याच परंपरेतले असल्याने मराठीतील प्रथेचा एक धागा तिकडचा असावा. दुसरा धागा जर्मन भक्तिवादी (पाएटिस्ट) चळवळीचा, म्हणजे श्रद्धेच्या वैयक्तिक अनुभवावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंटांचा. १६८७ मध्ये ल्यूनेबुर्ग येथे या चळवळीचे पुढारी आउगुस्ट हेरमान फ्रांके श्रद्धेवरील प्रवचनाची तयारी करीत असता, ती श्रद्धा आपल्यापाशीच नाही, या जाणिवेने हादरले आणि गुडघे टेकून प्रार्थना करताना त्यांचा संशय फिटला. त्यांच्या हाले येथील अनुयायांनी ‘पश्चात्तापाचा झगडा’ हा जवळजवळ ठरीव टप्पा मानला. मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाचे पुढारी त्सिंत्सेनडोर्फ यांना ही सक्ती अमान्य होती. प्रत्येकाला सारख्याच वाटेने नेता येत नाही, ही त्यांची भूमिका अधिक ग्राह्य वाटते. मराठी साक्षी पाहता तिला पुष्टीच मिळते.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या अरुणोदय (१८८८) या आत्मचरित्रात झटका नाही, हळूहळू उजाडणे आहे. जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभा या गुप्त सुधारक मंडळातील वावर, घरच्यांचा विरोध आणि १८५४ चा बाप्तिस्मा, असा तो प्रवास.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) बाबतीत मात्र कालनिर्णयच वादाचा आहे. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ आणि १८८२ मध्ये पती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. १९०७ च्या आपल्या लेखी साक्षीत त्या सांगतात की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी सापडला. त्याला निमित्त झाले विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाचे आत्मकथन. हे गृहस्थ १८५१ मध्ये स्वतःचेच प्रवचन देताना पालटले होते. मिशनरी चरित्रकार त्यामुळे १८९१ च्या सुमाराचा अनुभव हाच खरा पालट मानतात. अलीकडचे अभ्यासक १८८३ नंतरच्या पत्रव्यवहाराकडे बोट दाखवतात. त्यात वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिनशी त्रैक्याच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धांतावरून वाद आहे, तसाच पुडिंगावरूनही, कारण रमाबाई अंडे खात नसत आणि सिस्टरांना त्यात अभिमान दिसे. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हाही प्रश्न रमाबाईंनी केला होता. १९०७ ची साक्ष रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदन या आश्रमातील १९०५ च्या आध्यात्मिक जागृतीनंतरची असल्याने तिची भाषा त्या जागृतीने रंगलेली आहे. पत्रे घटनेच्या अधिक जवळची. म्हणून एकच तारीख ठरवण्याचा आग्रह सोडणे बरे. आयुष्याचे प्रयोजन तर शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेच्या रूपाने १८८९ मध्येच, म्हणजे साक्षीतल्या त्या अनुभवाआधीच, त्यांच्या हाती आलेले होते.

कवी ना. वा. टिळक यांच्या साक्षीची सुरुवात आगगाडीत होते. १८९३ च्या सुमारास नागपूर-राजनांदगाव प्रवासात एका अनोळखी सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी कोण, हे कधीच उलगडले नाही. किंमत मोजली ती पत्नी लक्ष्मीबाईंनी. काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहून, सोवळ्याओवळ्याशी आपल्या रीतीने झगडून त्या १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या स्मृतिचित्रे या आत्मकथनामध्ये हा बदल धर्मशास्त्रातून न येता ‘कोणाच्या हातचे पाणी प्यावे’ या घरगुती प्रश्नातून येतो. मराठीतील सर्वांत विश्वसनीय साक्ष तीच म्हणता येईल, जरी ती त्या नावाने लिहिलेली नाही.

अहमदनगर परिसरात १८३१ पासून मिशनचे काम होते. ज्ञानोदय हे नियतकालिकही १८४२ मध्ये तेथूनच निघाले. तेथील महार-मांग समाजांतून आलेल्या पहिल्या पिढीचे अनुभव बहुतांशी मिशनऱ्यांच्या इंग्रजी अहवालांत, दुसऱ्याच्या तोंडून आले आहेत. गावोगावच्या भजनांत आणि टिळकांनी वळण लावलेल्या ख्रिस्ती कीर्तनांत साक्षीचा अंश मिसळलेला आढळतो. कॅथलिक परंपरेत पापकथन धर्मगुरूपुढे खाजगीत होत असल्याने वसई व गोव्याकडे जाहीर साक्षीला फारसे स्थान नव्हते. करिश्माई, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या, प्रार्थनासभांबरोबर ती तेथेही ऐकू येऊ लागली.