खुरातलं गळू की लॅमिनायटिस?

काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारा घोडा सकाळी जागचा हलत नाही. खूर हाताला गरम लागतो. फेटलॉकच्या, म्हणजे खुराच्या वरच्या घोट्यासारख्या सांध्याच्या मागे बोट ठेवलं तर नाडी जोरात उडते. जखम नाही, वर सूज नाही. अशा वेळी कोणी म्हणतं, खुरात पू झालाय. कोणी म्हणतं, लॅमिनायटिस आहे, म्हणजे खुरातलं हाड धरून ठेवणारे पदर कमकुवत होण्याचा आजार. दोघांच्याही म्हणण्याला आधार असतो, कारण दोन्ही दुखणी खुराच्या कठीण कवचाआडची आहेत आणि बाहेर दिसणाऱ्या खुणाही बऱ्याच सारख्या. उपचार मात्र काही बाबतींत एकमेकांच्या थेट उलटे आहेत. म्हणून पाय उचलून तळव्याला पटाशी लावण्याआधी घोडा कसा उभा आहे, हे लांबून नीट पाहणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आधी गळू. खुराच्या तळव्याला बारीक भेग पडते, खडा रुततो, नालेचा खिळा जिवंत भागाच्या फार जवळून जातो किंवा खुराची भिंत आणि तळवा जिथे जुळतात ती पांढरी रेघ सैल होते. तिथून घाण आणि जंतू आत जातात आणि पू साठू लागतो. इतर कुठल्या अवयवात पू झाला तर तो भाग सुजून मोठा होतो. खुराला सुजायला जागाच नसते. नखाखाली रक्त साकळल्यावर बोट जसं ठणकतं, तसा हा ठणका, आणि त्यावर चारपाचशे किलोचं धूड. म्हणून एवढ्याशा पुवासाठी घोडा पाय मोडल्यासारखा लंगडतो. पू कमी प्रतिकाराची वाट शोधत जातो. खालून वाट मिळाली नाही तर भिंतीच्या आतून वर चढतो आणि केसांच्या कडेला किंवा टाचेच्या गादीपाशी फुटतो. फुटला की घोडा काही तासांत पाय टेकवायला लागतो.

लॅमिनायटिसमध्ये बिघडते ती खुराची मूळ रचनाच. खुराच्या आत जे हाड असतं, कॉफिन बोन, ते तळव्यावर टेकलेलं नसतं. भिंतीच्या आतल्या बाजूला उभ्या पातळ पदरांची रांग असते, एका खुरात साधारण ५५० ते ६००, आणि प्रत्येक पदराला आणखी शेकडो बारीक पदर. हाडावरचे पदर आणि भिंतीचे पदर एकमेकांत गुंतलेले असतात आणि घोड्याचा सगळा भार या गुंतवणीवर तोललेला असतो. हे पदर कमकुवत झाले, ताणले गेले, की वरून वजन दाबतं आणि मागून खोल स्नायुबंध हाडाला ओढतो. हाडाचं टोक खाली झुकतं किंवा अख्खं हाड खचतं. एकदा हाड हललं की ते पूर्ण जागेवर येईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

आता दोन्ही ओळखायचे कसे? पहिला प्रश्न: किती पाय दुखताहेत? गळू बहुतेक वेळा एकाच पायात असतं. घोडा तो पाय उचलून धरतो किंवा फक्त खुराचं टोक टेकवतो आणि बाकीच्या तिघांवर निवांत उभा राहतो. लॅमिनायटिस बहुधा दोन्ही पुढच्या पायांत असतो, कधी चारही पायांत. अशा घोड्याचं उभं राहणंच वेगळं असतं: पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे पोटाखाली ओढलेले, भार टाचांवर. तो सतत वजन या पायावरून त्या पायावर टाकतो. सरळ चालताना आखडून पावलं टाकतो, पण वळवायला गेलं की खरा त्रास दिसतो. एक पुढचा पाय उचलायला सांगितला तर नकार देतो, कारण मग सगळं वजन दुसऱ्या दुखऱ्या पायावर येतं. ही अडवणूक नाही, वेदना आहे, आणि त्यासाठी त्याला दामटणं क्रूरपणाचं आहे.

दुसरी खूण चिमट्याची. नालबंद किंवा डॉक्टर हूफ टेस्टरने तळवा दाबत जातात. गळू असेल तर एका ठरावीक जागी घोडा झटकन पाय ओढतो. लॅमिनायटिसमध्ये दुखरा भाग पसरलेला असतो, विशेषतः फ्रॉगच्या, म्हणजे तळव्यातल्या मऊ त्रिकोणी भागाच्या टोकापुढे, जिथे आतल्या हाडाची कड असते. नाडी पाहताना चारही पाय तपासावेत. निरोगी पायात ती इतकी मंद असते की सापडायलाच वेळ लागतो. एकाच पायात उडत असेल तर गळवाकडे कल, दोन्ही पुढच्या पायांत असेल तर लॅमिनायटिसकडे. नुसत्या उष्णतेवर मी भरवसा ठेवणार नाही. निरोगी खूरही दिवसभरात कधी थंड, कधी गरम असतो.

या खुणांना अपवाद आहेत. एक पाय मोडला किंवा दीर्घकाळ टेकवता आला नाही, तर भार वाहणाऱ्या उलट्या पायात लॅमिनायटिस होऊ शकतो, आणि तो एकाच पायात. अमेरिकेत २००६ ची केंटकी डर्बी ही शर्यत जिंकलेल्या बार्बारो या घोड्याचा उजवा मागचा पाय त्याच वर्षी प्रीकनेस शर्यतीत मोडला. तो सांधण्यात बरंच यश आलं होतं, पण डाव्या मागच्या पायात लॅमिनायटिस झाला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला वेदनामुक्त करावं लागलं. म्हणून एका पायाने फार दिवस लंगडणाऱ्या घोड्याच्या चांगल्या पायाकडेही रोज लक्ष हवं.

चूक कुठे महागात पडते ते पाहा. गळवासाठी कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय बुडवतात, पोटीस बांधतात, जाणकार माणूस पुवाची वाट शोधून छोटंसं छिद्र करतो. थोडं चालवल्याने पू लवकर फुटतो असं मानणारेही आहेत. हेच लॅमिनायटिसच्या घोड्याला केलं तर? चालवणं म्हणजे आधीच निसटत चाललेल्या पदरांवर प्रत्येक पावलाला आणखी ताण. पू शोधत तळवा कोरणं म्हणजे आतल्या हाडाखालचं उरलंसुरलं संरक्षण काढून घेणं. शिवाय तिथे ऊब नको, गारवा हवा. धान्याच्या कोठीत शिरून घोड्याने भरपूर दाणा खाल्ला असेल, तर लंगडणं दिसायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. या मधल्या काळातच पाय फेटलॉकच्या वरपर्यंत बर्फाच्या पाण्यात अखंड ठेवले, तर पदर वाचण्याची शक्यता बरीच वाढते. घोडा अजून चांगला चालतोय म्हणून थांबणं हीच मोठी चूक ठरते.

उलट चूकही होते, पण तिची किंमत कमी असते. गळवाच्या घोड्याला लॅमिनायटिस समजून मऊ, जाड अंथरुणावर उभं केलं, दाणा बंद केला आणि डॉक्टरांना बोलावलं, तर फार तर एखादा दिवस जास्त ठणका. म्हणून शंका असेल तेव्हा लॅमिनायटिस धरूनच चालावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वेदनाशामक मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. खुणा झाकल्या जातात आणि बरं वाटलं म्हणून घोडा जास्त हिंडतो.

तळव्यात खिळा रुतलेला दिसला तर उपटायची घाई करू नका. शक्य असेल तर तो आणखी आत जाणार नाही अशी व्यवस्था करून एक्स-रे होईपर्यंत तिथेच राहू द्यावा, म्हणजे तो कुठवर गेलाय ते कळतं. फ्रॉगच्या मधल्या भागात खोल गेलेला खिळा आतल्या स्नायुबंधापर्यंत आणि सांध्यापर्यंत पोचू शकतो, आणि मग ते साधं गळू राहत नाही. घोड्याला धनुर्वात फार सहज होतो, म्हणून खुराची कोणतीही जखम असली तरी लसीची तारीख तपासावी.

कारणांच्या बाबतीतही दोघांचे मार्ग वेगळे आहेत. गळू बाहेरून येतं. चिखल आणि कोरडेपणाची आलटापालट, अस्वच्छ ठाण, लांबलेली खूरकापणी ही त्याची नेहमीची कारणं. लॅमिनायटिस बहुतेक वेळा शरीरात आधी सुरू होतो आणि खुरात दिसतो. जास्त दाणा, साखरेने भरलेलं कोवळं गवत, आतड्याचा तीव्र आजार, व्यायल्यावर वार आत राहणं, आणि सगळ्यात जास्त वेळा इन्सुलिनचा बिघाड. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्सुलिनचं प्रमाण सतत वाढवून ठेवलं, तेव्हा तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. मानेवर चरबीचा कठीण पट्टा असलेलं गुटगुटीत तट्टू म्हणूनच मला सुदृढ वाटत नाही, काळजी वाटते.

शेवटी, दोन्ही दुखणी एकत्रही असू शकतात. जुन्या लॅमिनायटिसमध्ये पांढरी रेघ रुंद होते, मेलेला भाग आत राहतो आणि तिथे पुन्हापुन्हा पू होतो. एकाच घोड्याला वर्षात दोनतीनदा, त्यातही खुराच्या पुढच्या भागात गळू झालं, तर ते फोडून स्वस्थ बसू नये. भिंतीवरची वलयं पाहावीत: टाचेकडे एकमेकांपासून लांब आणि पुढे जवळजवळ आलेली असतील, तर लॅमिनायटिस होऊन गेल्याची ती खूण आहे. एक्स-रे काढावा आणि रक्तातलं इन्सुलिन तपासून घ्यावं. घोडा वयस्क असेल आणि त्याची लव उन्हाळ्यातही गळत नसेल, तर एसीटीएच हे संप्रेरकही. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो, म्हणजे पुढची भिंत पूर्ण नवी यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तोवर दर चार ते सहा आठवड्यांनी नालबंदाने एक्स-रे समोर ठेवूनच खूर कापावेत.