अॅल्युमिनिअमला न चिकटणारं चुंबक

ओसाकातल्या जुन्या सामानाच्या दुकानांत 'जंक' अशी चिठ्ठी लावलेली टोपली हमखास दिसते. तिच्यात मला १९८०च्या दशकातलं, आडव्या स्पूलचं (दोरा गुंडाळायच्या फिरत्या चकरीचं), गरवायचं, म्हणजे गळाने मासे धरायचं, रीळ मिळालं. बाजूच्या झाकणावर चुंबकी ब्रेकची बटणचकती, ० ते १० आकडे. सोबतचा मित्र हसला. "स्पूल अॅल्युमिनिअमचं. चुंबक त्याला चिकटत नाही, मग रोखणार काय? जाहिरातीची थाप!"

थाप नाही. गळ फेकला की शिशाचं वजन तंगूस (गळाचा दोरा) जोरात ओढतं आणि स्पूल मिनिटाला हजारो फेरे घेऊ लागतं. पुढे हवेच्या विरोधाने वजन मंदावतं, स्पूल मात्र आपल्याच तालात. जास्तीचा सुटलेला तंगूस मग मांजासारखा गुंततो. म्हणून ब्रेक.

आता शाळेतला फॅरेडे आठवा: वाहकातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की त्यात वीज उपजते. स्पूलच्या कडेचा एखादा तुकडा चुंबकाजवळ येताना क्षेत्र वाढतं, दूर जाताना घटतं. त्यामुळे धातूतच भोवऱ्यांसारखे 'आवर्त प्रवाह' फिरू लागतात. लेंझच्या नियमानुसार ते स्वतःच्या कारणालाच, म्हणजे फिरण्याला, विरोध करतात. कुठेही स्पर्श नाही, घासणं नाही. गतीची ऊर्जा धातूत उष्णता होऊन जाते. स्पूल थांबलं की ब्रेकही शून्य! जुन्या वीजमीटरमधली चकती याच युक्तीने ताब्यात राहायची. १९८५ साली धावू लागलेल्या १०० मालिकेच्या शिंकान्सेनमध्ये (जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये) मोटर नसलेल्या डब्यांना याच तत्त्वाचे ब्रेक होते.

खरी गंमत पुढे आहे. त्याआधीच्या अपकेंद्री ब्रेकमध्ये छोटे ठोकळे बाहेर फेकले जाऊन कड्यावर घासतात. तिथे रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट, तर रोध चौपट. चुंबकी ब्रेकमध्ये रोध साधारण वेगाच्याच प्रमाणात, आणि चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे फेक संपत आली, वेग एक चतुर्थांश झाला, की अपकेंद्री रोध सोळाव्या हिश्श्यावर येतो, चुंबकी चौथ्याच हिश्श्यावर. वाऱ्याविरुद्ध फेकताना हा शेवटचा धाक उपयोगी पडतो.



माझ्या रिळावर मात्र ० आणि १० यांत काडीचा फरक जाणवेना. "चुंबक मेलं," मित्राचा निकाल. पण आपटलं-तापवलं नाही तर चाळीस वर्षांत चुंबक असं मरत नाही. झाकण उघडलं. जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं. बटण फिरे, पण सरकून ब्रेक कमी-जास्त करणारं चुंबकांचं कडं जागचं हलत नव्हतं. टूथब्रश आणि रॉकेलने तो डिंक काढला. चुंबकांना चिकटलेला लोखंडाचा कीस चिकटपट्टीने टिपला. बेअरिंगला ग्रीस नाही, पातळ तेलाचा एकच थेंब.

० वर टिचकी मारली, स्पूल बराच वेळ भिरभिरत राहिलं. १० वर चार-पाच फेऱ्यांत गप्प. मित्राने रीळ माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःच पाच-सहा वेळा टिचकी मारून पाहिली.