हेडर (शेवरोले सी-१० पिकअप, १९६७–७२)

बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळाच्या) जागी बसणारा पोलादी नळ्यांचा संच. व्ही-८ एंजिनाच्या प्रत्येक बाजूच्या चार नळ्या पुढे कलेक्टरात, म्हणजे एका जाड नळीत, मिळतात.

'हेडर' हा शब्द बॉयलरच्या नळकामात जुना आहे. मोटारीत तो केव्हा आला याविषयी एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी कॅलिफोर्नियातील कोरड्या तळ्यांवर मोटारी पळवणाऱ्यांकडे बहुधा श्रेय जाते. मात्र त्यांच्या आवडत्या फोर्ड फ्लॅटहेड व्ही-८ मध्ये (१९३२) प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना एकच निकास (धूर बाहेर पडण्याचे तोंड) होता, म्हणजे एका बाजूला तीनच नळ्या. त्या जोडणीला आजच्या अर्थाने हेडर म्हणणे ओढूनताणून होते. शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक या व्ही-८ एंजिनात (१९५५ पासून) एका बाजूचे चारही निकास वेगळे आहेत.

नळ्या समान लांबीच्या असाव्यात का, हा जुना वाद. स्मॉल ब्लॉकची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२ आहे; विषम क्रमांक डावीकडे, सम उजवीकडे. त्यामुळे डाव्या बाजूला ५ व ७, उजवीकडे ८ व ४ क्रँकच्या केवळ ९० अंशांच्या अंतराने पेटतात. धुराचे धक्केच असमान, तेव्हा लांबीतील दोन-तीन इंचांच्या फरकाचा बाऊ पिकअपसाठी तरी अनाठायी वाटतो. कलेक्टरात नळ्या लावण्याचा क्रम अधिक महत्त्वाचा : डावीकडे १-३-५-७, उजवीकडे ८-४-६-२, असा वर्तुळाने.

नळीच्या लांबीचे (इंचांत) प्रचलित सूत्र : एक्झॉस्ट झडप खालच्या मृतबिंदूच्या (दट्ट्या सर्वांत खाली असण्याच्या स्थितीच्या) जितके अंश आधी उघडते त्यात १८० मिळवून ८५० ने गुणावे, एंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी भागावे, ३ वजा करावे. ७० अंश व ५,००० फेऱ्यांना ३९.५ इंच येतात. एवढी जागा सहसा नसते.

३५० घन इंची एंजिनाला १ ५/८ इंच व्यासाची, १.६ मिमी जाडीची नळी व १० मिमी जाडीची फ्लँज (नळ्या एंजिनाला बोल्टांनी जोडणारी सपाट पट्टी) पुरते. आधी अडचणीची नळी वळवावी : डावीकडे स्टिअरिंगजवळची, उजवीकडे स्टार्टरजवळची. गॅस दिला की रबरी माउंटांवर (आधारांवर) एंजिनाची डावी बाजू उचलली जाते, म्हणून नळी कुठेही चिकटून ठेवू नये. स्पार्क प्लग काढायला पाना फिरतो का, हे वेल्डिंगचे तात्पुरते टाके मारतानाच पाहावे.

फ्लँज भंगारातल्या सिलिंडर हेडवर (एंजिनाच्या निकास असलेल्या वरच्या भागावर) बोल्टांनी आवळूनच वेल्डिंग करावे, एकदम एका जागी नको, आलटूनपालटून. मोकळी फ्लँज केळ्यासारखी वाकते व गॅस्केट (सांधा बंद करणारा पातळ थर) फुटून धूर गळतो. वाकलीच, तर निकासांमधला फ्लँजचा भाग करवतीने कापून प्रत्येक तुकडा स्वतंत्र बसू देतात. स्टेनलेस नळीत वेल्डिंग करताना आतून आर्गॉन वायू सोडला नाही, तर जोडाची आतली बाजू काळी, खडबडीत होते. जस्त चढवलेला पाइप वापरू नये. वेल्डिंगमध्ये त्याचा धूर ताप आणतो.

पहिल्या काही तापण्या-निवण्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. उष्णतारोधक पट्टी गुंडाळल्यास ओल अडकून साधे पोलाद लवकर गंजते.