कुकरची रिंग आणि समुद्रातला कॅमेरा

पुण्यात ‘हाऊसिंग’ म्हटलं की पुढे ‘सोसायटी’ येतेच. कॅमेऱ्यासाठी हाऊसिंग घेतेय असं मी घरी सांगितलं, तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, “मेंटेनन्स किती?” मी हसले. पेटी हातात आल्यावर कळलं, की विचारायला हवं होतं ते नेमकं हेच.

डिसेंबरात तारकर्लीला डायव्हिंगला जायचं ठरलं होतं. कॅमेरा पाण्यात न्यायचा तर त्याला बेतून केलेली, पाणी आत न येऊ देणारी, बटणांना बाहेरून दाबता येणारी पेटी लागते. तिलाच हाऊसिंग म्हणतात. तिच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत ती किती खोल नेता येते ते छापलेलं असतं, ४० मीटर, ६० मीटर. नवखा माणूस त्या आकड्यालाच भुलतो.

आकडा खोटा नसतो. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. माझ्या पेटीचं मागचं झाकण १५ बाय १२ सेंटिमीटरचं आहे. १० मीटरवर त्यावर १८० किलोंचा भार येतो आणि ४० मीटरवर ७२० किलोंचा, कारण आतली हवा किनाऱ्यावर कोंडली तेवढ्याच दाबाची राहते. घरचा कुकर शिट्टीला येतो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा जवळपास एका वातावरणाने जास्त असतो. १० मीटर खोल गेलेली पेटी म्हणजे उलटा कुकर.

आणि कुकरसारखीच तिची सगळी भिस्त एका रबरी रिंगेवर असते. ही ओ-रिंग. नील्स ख्रिस्तेनसेन यांना अमेरिकेत १९३९ साली तिचं पेटंट मिळालं, आणि तत्त्व आजही तेच आहे. रिंग खोबणीपेक्षा किंचित जाड असते, त्यामुळे झाकण लागलं की ती चेपली जाते. मग पाणी आत घुसू बघतं आणि तिलाच खोबणीच्या पलीकडच्या कडेवर रेटतं. दाब वाढेल तशी ती आणखी घट्ट बसते. म्हणून गळती व्हायची असेल तर ती बहुतेक वेळा खोलवर होत नाही, वरवरच्या पाण्यातच होते. तिथे रिंगेला दाबून धरायला पुरेसं पाणीच डोक्यावर नसतं.

तेव्हा पहिली चाचणी न्हाणीघरातल्या बादलीत. आत कॅमेऱ्याऐवजी टिश्यू पेपर ठेवला. पेटी बुडेचना. दीड लिटर पाणी बाजूला सारणारी, जेमतेम पाऊण किलोची वस्तू कशी बुडणार? शेवटी तिच्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवला. बुडली, आणि एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर यायला लागली. उघडून पाहिलं तर टिश्यूचं एक टोक ओलं, आणि रिंगेवर आडवा पडलेला टॉवेलचा पांढरा धागा, पापणीच्या केसाएवढा. रिंग पुसायला मीच टॉवेल घेतला होता. धागे न सोडणारं कापड हवं होतं.

ग्रीसबद्दलही गैरसमज फार. ते पाणी अडवायला नसतं. रिंग कोरडी पडून खोबणीत पिळली जाऊ नये, सरकावी, एवढ्यासाठी असतं. बोटावर मोहरीएवढं घेऊन रिंग चकचकीत दिसेल इतपत फिरवायचं. जास्त झालं की वाळू आणि केस गोळा करतं. रिंग सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीसने ती फुगते, म्हणून पेटीबरोबर येतं तेच ग्रीस वापरावं.

पेटी पुन्हा घ्यायची असती तर मी दोनच गोष्टींवर जास्त वेळ घालवला असता. एक, ती एकाच मॉडेलला बसते. कॅमेरा बदलला की तिचं शोपीस होतं, आणि मोठ्या कॅमेऱ्यांच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या पुष्कळदा कॅमेऱ्याहून महाग असतात. प्लॅस्टिकची पेटी स्वस्त, शिवाय पारदर्शक असली तर आत शिरलेला थेंब लगेच दिसतो.

दुसरी म्हणजे पुढची काच. शाळेत वाटीत नाणं ठेवून पाणी ओतलं की ते वर उचलल्यासारखं दिसायचं, आठवतं? सपाट काचेमागून कॅमेऱ्यालाही तसंच दिसतं. वस्तू पाऊणपट अंतरावर, म्हणून मोठी, आणि चौकट अरुंद. छोट्या माशांसाठी हे फायद्याचंच. पण सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा खडक आणि त्यावर पोहणारा भाचा, दोघं एका फोटोत हवे असतील तर घुमटाकार काच लागते. ती गंमतशीर आहे. १० सेंटिमीटर त्रिज्येचा घुमट असेल तर दूरच्या सगळ्या दृश्याची प्रतिमा काचेच्या पुढे फक्त ३० सेंटिमीटरवर तयार होते. लेन्सला समुद्र दिसतो तो एवढ्याशा अंतरात. तिला तितक्या जवळ फोकस करता येत नसेल तर महागड्या घुमटातूनही फोटो पुसट येणार.

रंगाचं थोडक्यात. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, त्यामुळे खाली सगळं निळं-हिरवं दिसतं. फ्लॅशने रंग परत येतो, पण आपल्या किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात तो लेन्सला चिकटून नको. घाटातल्या धुक्यात गाडीचा अप्पर मारल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तोच प्रकार. वेगळा फ्लॅश बाजूला लांब धरता येईल अशी सोय पेटीला आहे का, ते बघावं.

राहिली हवा. पेटी मी पुण्यातच बंद केली होती, दुपारी, बाहेर २८ अंश आणि हवा खडखडीत कोरडी असताना. पहिल्या डाइव्हला फोटो स्वच्छ आले. नंतर होडीवर बॅटरी बदलायला खटका काढला, तर झाकण हलेना. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथली हवा सहाएक टक्क्यांनी विरळ. तीच हवा आत कोंडून मी समुद्रावर आणली होती, त्यामुळे झाकणावर बाहेरून जवळजवळ १२ किलोंचा भार होता. (पहाटेच्या थंडीत बंद केलं असतं तर तारकर्लीच्या उबेने आतली हवा फुगून हा फरक बराचसा भरून निघाला असता.) भाच्याने नाण्याची कड सारली, ‘फुस्स’ झालं आणि झाकण सुटलं.

बॅटरी बदलताना माझा हात ओला होता. काठावर एक थेंब राहिला. थेंब म्हणजे साधारण ५० मिलिग्रॅम पाणी, आणि २८ अंशांच्या लिटरभर हवेत फार तर २७ मिलिग्रॅम वाफ मावते. त्यात किनाऱ्याची दमट हवा आधीच निम्म्याहून जास्त भरलेली. उन्हात पेटी तापली, थेंब दिसेनासा झाला, मी निर्धास्त झाले. पाण्यात उतरल्यावर पेटी गार झाली आणि तीच वाफ काचेवर येऊन बसली. दुसऱ्या डाइव्हचे एकूण एक फोटो मधोमध धुकट आहेत. ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पुण्यात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिल्या होत्या.