गंगेवरचं पोहणं: नाशिकच्या कुंडांची पार्श्वभूमी

जुन्या नाशकात गोदावरी हे नाव पूजेच्या संकल्पात यायचं. एरवी नदी म्हणजे गंगाच. ‘पोरगा कुठंय?’ ‘गंगेवर.’ एवढ्या उत्तरावर घरचे निश्चिंत असत, कारण गंगेवर म्हणजे नेमका कुठे, ते पोराच्या वयावरून कळायचं. ज्याचं जेवढं वय, तेवढं त्याचं पाणी.

ही सोय कुणी पोहण्यासाठी केली नव्हती. पंचवटीजवळ नदीचं पात्र दगडी बांधांनी अडवून देवाधर्मासाठी कुंडं बांधली गेली. रामकुंड १६९६ सालचं, चित्रराव खटावकरांनी बांधलेलं. पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाईंनी ते नीट करून घेतलं. लांबी साधारण २७ मीटर, रुंदी १२. शेजारी लक्ष्मणकुंड, सीताकुंड, धनुष्यकुंड, आणि खाली पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीपर्यंत अशीच लहानमोठी कुंडं. प्रत्येकाची खोली वेगळी. एका कुंडात पाय टेकायचे, दुसऱ्यात टेकायचे नाहीत. कुठल्या पायरीनंतर तळ सुटतो, हे वस्तीला तोंडपाठ होतं. बायका धुणं धुताधुता पोरांवर नजर ठेवत.

मी शिकलो ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून. झाकण डांबराने बुजवलेला तेलाचा डबा, सुतळीचे दोन फेरे, आणि काठावर मामा. शेतकऱ्यांच्या पोरांकडे वाळवलेला भोपळा असायचा, कुणाकडे पांगाऱ्याचा ओंडका. ओली सुतळी आवळत जायची, पोटावर लाल वळ उठायचा, तो शाळेत सदऱ्याखाली दिवसभर हुळहुळायचा. आठवड्याभराने मामाने न सांगता सुतळीची गाठ सैल केली. डबा मागे तरंगत राहिला आणि मी पुढच्या शेवाळलेल्या पायरीला हात लावला. मग तापलेल्या काळ्या दगडावर पालथं पडून अंग शेकायचं.

त्यानंतर सूर, मुटका आणि धप्पा. रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या हौदात, उडी मारतात तोच धप्पा. रहाडीत निर्धास्त उडी घेणारी पोरं गंगेवरच तयार झालेली असत. थोरांसाठी आणखी वर सोमेश्वरचा धबधबा आणि आनंदवल्लीकडचे डोह, खाली तपोवनात कपिला संगमाचे कातळातले खड्डे. पावसाळ्यात परवानगी दुतोंड्या मारुती द्यायचा. त्याच्या पायाला पाणी लागलं की पोरांचं पोहणं बंद. छातीपर्यंत चढलं की सराफ बाजार माल हलवायला लागायचा.

हे लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. हा काठ सगळ्यांचा नव्हता. रामकुंडापासून चार पावलांवरच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला. मंदिराची शिवाशीव पाण्यालाही होतीच. मुलीही अभावानेच पोहायच्या. माझी बहीण काठावर बसून आमचे कपडे सांभाळायची. तिला कधीच कुणी डबा बांधला नाही.

पोहणं एका दिवसात थांबलं नाही. १९६५ साली गंगापूर धरण पूर्ण झालं आणि नदीचं येणंजाणं दारांच्या हाती गेलं. नदीत पाणी नसलं की पोरं कालव्याच्या आवर्तनाची वाट बघत पाटात उतरायला लागली. शहर वाढलं. २००१ च्या जनगणनेत नाशिक दहा लाखांच्या पुढे गेलं होतं. नासर्डी, वाघाडी या उपनद्यांना लोक नाले म्हणू लागले, आणि त्या सांडपाणी आणून गंगेत सोडू लागल्या. सोमेश्वरपासून पानवेली पसरली. अंगाला खाज सुटते म्हणून आयाच पोरांना गंगेवर जाऊ देईनात. ज्यांना परवडलं ते सावरकर जलतरण तलावावर गेले. तिथे पाणी स्वच्छ आणि प्रशिक्षकही चांगले, पण तिकीट आणि वेळ ठरलेली. बुधवारच्या बाजाराला आलेल्या खेड्यातल्या पोराला तिथे वाट नव्हती.

शेवटचा घाव मात्र २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत बसला. गर्दीत कुणी बुडू नये, पाय घसरू नये, हा हेतू रास्तच होता. पण त्यासाठी पात्राच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं. कुंडांचे जिवंत झरे त्याखाली गेले, काही कुंडं तर नावापुरती उरली. पुढे नागरिक न्यायालयात गेले, आणि काही कुंडांवरचं काँक्रीट काढण्याचं काम सुरू झालं.

२०१६ च्या एप्रिलात दुष्काळाने रामकुंड कोरडं पडलं. त्याच वर्षी २ ऑगस्टला मोठा पूर आला. एप्रिलात मी मुद्दाम उतरून बघितलं. ज्या पायरीला हात लावून मी डबा सोडला होता, ती शोधत दोनदा इकडून तिकडे चाललो. पायाखाली सगळीकडे सारखंच सपाट सिमेंट होतं.